डेडलिफ्टसाठी पट्टे वापरावेत का?

लातूरच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हाळ्यात डेडलिफ्ट करताना, म्हणजे जमिनीवरचा जड बार उचलून सरळ उभे राहताना, जिममधला बार घामाने इतका निसरडा होतो की, पाठीत आणि मांड्यांत ताकद शिल्लक असतानाच बोटे उघडू लागतात, आणि मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे घ्यावेत का हा प्रश्न हमखास निघतो. माझ्या मते हलके व मध्यम सेट मोकळ्या हातांनीच मारावेत, कारण पकड बार धरूनच वाढते. पट्टे शेवटच्या जड सेटसाठी राखून ठेवावेत. त्याआधी हातांना जिम्नॅस्ट वापरतात तो चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, लावून पाहावा. टाल्कम पावडर मात्र मुळीच नको, तिने हात उलट घसरतो. एक तळवा पुढे व एक मागे अशी पकड भरपूर वजन पेलते, परंतु तीत पुढे वळलेल्या हाताच्या बायसेप्सला, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूला, इजा होण्याचा धोका असतो, म्हणून तो कोपर जराही वाकू देऊ नये.

ज्यांना पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचे आहे, त्यांनी पट्ट्यांवर विसंबू नये, कारण आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत ते चालत नाहीत. स्ट्राँगमॅन या ताकदीच्या स्पर्धांमध्ये चालतात, २०१६ मध्ये ब्रिटनचा स्ट्राँगमॅन एडी हॉल याने डेडलिफ्टमध्ये ५०० किलो उचलले ते पट्टे बांधूनच.