आताकेचा ढग: चट्ट्यांचं मूळ सापडलं

सापडलं! जपानी पद्धतीने लाकडी फळीवरून छापत असलेल्या माझ्या ढगावर तीन आठवडे जे चट्टे उठत होते ते खळीमुळे नव्हते, बारेनमुळेही (कागद घासायच्या चकतीमुळेही) नव्हते. दोष कागदाचा होता.

जपानी चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ च्या पुलावरच्या पावसात (आताके हा त्यातला पलीकडचा काठ) सगळ्यात वरचा तो काळा पट्टा म्हणजे आतेनाशी बोकाशी, म्हणजे कड आखून न घेतलेली रंगाची उतरती छटा. सरळ कडेची बोकाशी ओल्या फडक्याने फळी पुसून, ब्रशच्या एका टोकाला रंग घेऊन जमते. इथे ढगाची कड वेडीवाकडी हवी. ओल्या फळीवर शाई सोडायची, ती पसरेल तशी पसरू द्यायची आणि लगेच कागद ठेवायचा. एक प्रत दुसरीसारखी येत नाही, हे मान्य. पण माझ्या बारापैकी नऊ प्रतींत ढगाच्या पोटात देवीचे व्रण असावेत तसे ठिपके! आधी भाताची खळ वाढवली, तर शाई चिकट झाली. मग बारेनवर जोर दिला, तर गोल ओरखडे उमटले. फळी जास्त भिजवली, तर कड पार विरघळून गेली.

परवा सहज कोऱ्या कागदावर पाण्याचे थेंब टाकले. काही जागी थेंब मण्यासारखा उभा राहिला, दोन बोटं सरकून टाकला तर क्षणात आत. म्हणजे दोसा, शाई फुटू नये म्हणून कागदाला देतात ते सरस-तुरटीचं पाणी, सगळीकडे सारखा लागलेलाच नव्हता. ‘दोसा दिलेला’ म्हणून जास्त पैसे मोजून आणलेला कोझो (जपानी तुतीच्या सालीचा) कागद हा! यापुढे दोसा न दिलेलाच कागद घेणार आणि सरस-तुरटीचं पाणी घरीच देणार. उरलेल्या चार तावांना हाके या रुंद ब्रशने पुन्हा दोसा दिला, रात्रभर वाळवले, मग ओलावून छापले. चारही ढग स्वच्छ. तिसऱ्याची खालची कड तर अशी उतरली आहे की बराच वेळ नुसता बघत बसलो.

सरींच्या दोन्ही फळ्या कोरून तयार आहेत. बारीक रेषांसाठी चेरीच घ्या. शिना या मऊ जपानी लाकडाच्या प्लायवर माझ्या रेषा तुटल्या, ते सपाट रंगांपुरतं ठीक. दोन्ही फळ्यांवरच्या रेषांचा कल किंचित वेगळा ठेवलाय, पाऊस दाट दिसतो तो त्यामुळेच.

आज सरी छापणार होतो. पण हे लिहिताना वाटतंय, ढग दोनदा का छापू नये? आधी रुंद, फिकट राखाडी, त्यावर अरुंद गडद. कागद ओलाच आहे, केंतोही (कागद जागेवर बसवायची खाचही) अजून नीट जुळतोय. सरी उद्या.