कॅनडाची प्रश्नावली आणि आपली मधली सुट्टी

मुलं किती खेळतात, किती पळतात हे मोजायला जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, पीएक्यू-सी (फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी क्वेश्चनेअर फॉर चिल्ड्रन). कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात १९९०च्या दशकात ती तयार झाली. ८ ते १४ वर्षांच्या शाळकरी मुलांनी गेले सात दिवस आठवून ती स्वतः भरायची असते. प्रश्न दहा, पण गुण नऊ प्रश्नांना, प्रत्येकी १ ते ५. या नवांची सरासरी म्हणजे मुलाचा गुणांक. यंत्र नको, खर्च नको, म्हणून फिजिओथेरपी आणि शारीरिक शिक्षणातल्या बीपीएड-एमपीएडच्या प्रबंधांना ती सोयीची पडते. मराठी भाषांतर लवकर उरकतं. मात्र या प्रश्नावलीच्या पोटात कॅनडातल्या मुलाचा अख्खा आठवडा बसलेला आहे: पाच दिवसांची शाळा, दुपारी घरी, शनिवार-रविवार मोकळे. तो आठवडा बदलायचा आणि गुणांकाला धक्का लावायचा नाही, हे खरं अवघड काम आहे.

पहिला प्रश्न खेळांच्या यादीचा. मूळ यादीत २२ ओळी, त्यांत आइस हॉकी, स्केटबोर्ड, बर्फावरचं स्कीइंग. त्या जागी लंगडी, खो-खो, कबड्डी, क्रिकेट घालायचं हे कुणालाही सुचतं. पुढे मात्र मोह आवरत नाही. लगोरी हवी, विटीदांडू हवा, आट्यापाट्या, सूरपारंब्या, फुगडी, झिम्मा, मल्लखांब, लेझीम... यादी ३५ वर जाते. इथेच गणित बिघडतं, कारण या प्रश्नाचा गुण म्हणजे यादीतल्या सगळ्या ओळींची सरासरी, खेळलेल्या खेळांची नव्हे. समजा एक मुलगी तीन खेळ आठवड्यात ५-६ वेळा खेळली. त्या तीन ओळींना ४ गुण, बाकी सगळ्यांना १. यादी २२ची असेल तर गुण ३१ भागिले २२, म्हणजे १.४१. ३५ची केली की ४४ भागिले ३५, म्हणजे १.२६. मुलगी तीच, खेळ तेच. एकूण गुणांकात फरक थोडाच पडतो, पण यादी लांबली की सगळी मुलं एकाच्या आसपास गोळा होतात आणि हा प्रश्न कुणालाच वेगळं दाखवू शकत नाही.

म्हणून ओळी २२च ठेवाव्यात. कोणत्या, हे भाषांतर तपासणाऱ्या समितीने ठरवू नये. मोठ्यांना आपल्या लहानपणीचे खेळ आठवतात, आजची मुलं ते खेळतातच असं नाही. गावातल्या आणि शहरातल्या चार-पाच वर्गांत कोरे कागद वाटून ‘गेल्या आठवड्यात काय काय खेळलात’ एवढंच लिहून घ्यावं, मुलामुलींची मोजणी वेगळी करावी आणि वारंवार आलेले खेळ घ्यावेत. शिवाशिवी, विषामृत, साखळी यांना मिळून ‘पळापळीचे खेळ’ अशी एक ओळ पुरते. खेळाचं नाव जिल्ह्यागणिक बदलत असेल तर दोन्ही नावं शेजारी छापावीत. ‘इतर’च्या ओळीत कॅरम आणि मोबाइलवरचे गेम हमखास येतात, ते गुण देताना वगळायचे.

पुढचे प्रश्न दिवसाच्या तुकड्यांचे: पीटीचा तास, छोटी सुट्टी, जेवणाची सुट्टी, शाळा सुटल्यावर, संध्याकाळी, शनिवार-रविवारी. सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. शाळा पाच वाजता सुटत असेल तर ‘शाळा सुटल्यावर’ आणि ‘संध्याकाळी’ हा एकच वेळ. मूल तोच क्रिकेटचा डाव दोन्हीकडे लिहितं आणि दोनदा गुण मिळवतं. सीमारेषा स्पष्ट हवी: सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत एक, दिवेलागणीपासून झोपेपर्यंत दुसरा. सकाळच्या शाळेसाठी वेगळी प्रत काढावी, कारण तिथे ‘सुटल्यावर’ म्हणजे भर दुपार, जेवण आणि क्लास. जिथे शनिवारी सकाळची शाळा असते तिथे ‘शनिवारी दुपारी घरी आल्यापासून रविवारी रात्रीपर्यंत’ असं स्पष्ट छापावं. शाळा सुटल्यावरच्या प्रश्नात शेवटचा पर्याय ‘५ वेळा’ आहे; शाळा सहा दिवसांची असेल तर तो ‘५ किंवा ६ वेळा’ करावा, नाहीतर रोज खेळणारं मूल अडखळतं.

सुट्ट्यांचे मूळ प्रश्न दोन आहेत. ज्या शाळेत एकच मधली सुट्टी असते तिथे मुलं दोन्हीकडे तेच उत्तर गिरवतात. तिथे एक प्रश्न सरळ काढून आठांची सरासरी घ्यावी. नववी ते बारावीच्या मुलांसाठीच्या पीएक्यू-ए या भावंडात छोट्या सुट्टीचा प्रश्न नाहीच आणि भागाकार आठनेच होतो, तेव्हा याला आधार आहे. खिचडीच्या रांगेत गेलेला वेळ म्हणजे ‘उभा होतो’, हे मुलांना आधी सांगावं लागतं.

मूळ सूचनेत हालचालीची खूण म्हणून घाम येणं, पाय थकणं आणि धाप लागणं सांगितलं आहे. कोकणात किंवा विदर्भात मार्चनंतर बाकावर बसूनही घाम येतो. घाम मागे टाकून धापेवर भर द्यावा: ‘दम लागला, बोलताना मध्ये थांबावं लागलं’.

आणि काम. विहिरीवरून पाणी आणणं, गुरं राखणं, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणं, दोन-तीन किलोमीटर चालत शाळेत येणं. पीटीचा तास सोडला तर पीएक्यू-सी मोकळ्या वेळेपुरतं विचारते, त्यामुळे ज्या मुलींना मोकळा वेळच मिळत नाही त्या कागदावर आळशी ठरतात. हा अन्याय आहे आणि तो अहवालात जसाच्या तसा उतरतो. तरीही ही कामं नऊ प्रश्नांत घुसवू नयेत, नाहीतर बाहेरच्या आकड्यांशी तुलना संपते. शेवटी वेगळं पान जोडून काम, दिवस आणि मिनिटं विचारावीत आणि निष्कर्षात दोन्ही आकडे शेजारी मांडावेत.

भाषांतराची रीत ठरलेली आहे: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, समिती, मग ३० ते ४० जणांवर चाचणी. समितीत चौथी-पाचवीला शिकवणारे गुरुजी किंवा बाई हव्यातच. चाचणीत ‘समजलं का?’ विचारू नये, सगळे हो म्हणतात. ‘मधल्या सुट्टीत काल काय केलंस, सांग’ असं विचारून टिक आणि सांगणं जुळतं का पाहावं. आठवायला कालपासून मागे न्यावं; बाजाराचा दिवस, पावसाचा दिवस यांना धरून मुलांना नीट आठवतं. वर्गात पीटीचे सर उभे असतील तर दुसऱ्या प्रश्नावर सगळा वर्ग ‘नेहमी’वर खूण करतो. त्यांना त्या वेळी बाहेर थांबायची विनंती करावी. कागदावर नावाऐवजी क्रमांक घालावा. नाव दिसलं की मुलांना ती घटक चाचणी वाटते आणि कोपराआड उत्तरं लपवणं सुरू होतं.

अ‍ॅक्सेलरोमीटरशी, म्हणजे अंगावर बांधायच्या हालचाल मोजणाऱ्या यंत्राशी, पडताळणी करायची तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: प्रश्नावली यंत्र बांधताना नव्हे, सात दिवसांनी काढून घेताना भरून घ्यायची. नाहीतर यंत्र एक आठवडा मोजतं आणि मूल त्याच्या आधीचा सांगतं. कमरेचं यंत्र सायकल नीट मोजत नाही, डोक्यावरच्या हंड्याचं वजन त्याला कळत नाही. मूळ प्रश्नावलीचाही कॅलट्रॅक या अशाच यंत्राशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.३९ होता. मराठी प्रतीचा ०.३५ आला म्हणून ती फेकून देऊ नये, आणि ०.८ आला तर आधी डेटा एंट्री तपासावी. पीएक्यू-सी मिनिटं देत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची रोज सरासरी ६० मिनिटांची शिफारस मूल पाळतं की नाही, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

दहावा प्रश्न बिनगुणांचा: गेल्या आठवड्यात आजारी होतास का, किंवा कशामुळे नेहमीसारखं खेळता आलं नाही का? बरेच जण तो गाळतात. आपल्याकडे तो वाढवायला हवा. परीक्षा, घरातलं लग्न, झडीचा पाऊस, कापूस वेचणी, गॅदरिंगची तालीम, सगळ्यांना चौकटी द्याव्यात. गॅदरिंगच्या आठवड्यात नाचाची ओळ एकदम वर जाते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचा पूर्ण आठवडा झाल्याशिवाय प्रश्नावली वाटूच नये, कारण तिचे चार प्रश्न शाळा भरलेली आहे असं धरून चालतात.