आधी हेड, मग कॅम

डेट्रॉइटला लागूनच असलेल्या फर्नडेलमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांचा सगळा जन्म मशीन शॉपमध्ये गेला. मागच्या वर्षी मी 1978ची कॅमारो घेतली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ते कुंपणापलीकडून बघायला आले.

इंजिन 350 घनइंची व्ही-8, म्हणजे आपल्या हिशेबात 5.7 लिटरचं. आधीच्या मालकाने त्यात मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्हना हलवणारा दांडा, टाकलेला. सिग्नलला उभी राहिली की गाडी अशी थरथरायची की लोक वळून बघायचे. पण पिकअप नाही. 3,000 आरपीएमच्या आत ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी मख्ख. ब्रेकचं पेडल तर दगड. मला वाटलं, आजोबा कॅमचं माप विचारतील. त्यांनी विचारलं, "हेड कुठलं आहे?"

कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, तेवढंच त्याचं काम. हवा किती आत जाणार ते ठरवतो हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, पोर्ट, हवेची वाट. वाड्याची खिडकी दिवसभर सताड उघडी ठेवली, पण समोरचा बोळच अरुंद असेल तर वारा येणार कुठून? आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. हेडं जुनीच, 76 सीसी चेंबरची (मिश्रण पेटतं ती पोकळी), कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, जेमतेम 8.2. मोठ्या कॅममुळे पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा राहतो. आरपीएम चढलेले असले की हवेला वेग असतो, ती आत येतच राहते. कमी आरपीएमला मात्र आलेलं मिश्रण पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हेडला हवा पोचवणाऱ्या नळ्यांत, ढकलतो. आधीच कमी असलेलं कॉम्प्रेशन आणखी उतरतं. आणि वरच्या आरपीएमला, जिथे हा कॅम खुलायचा, तिथे या हेडांचा श्वास संपलेला असतो.

मग आम्ही भंगारयार्डातून व्होर्टेक हेडं काढून आणली. शेव्हरोलेने ती 1996पासून ट्रकमध्ये दिली. चेंबर 64 सीसी, त्यामुळे कॉम्प्रेशन जवळपास एक अंकाने वाढतं. या हेडांना व्हॉल्व्हच्या सीटजवळ भेगा पडायची सवय आहे, म्हणून आधी क्रॅक टेस्ट आणि मग फ्लो बेंच, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र. इनटेक व्हॉल्व्ह 0.400 इंच उचलला तेव्हा मिनिटाला सुमारे 225 घनफूट हवा गेली, 0.500ला आकडा 240च्या आतच. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, कारण कॅम त्या कागदाने निवडला. हेड जर 0.450नंतर फारसं काही देत नसेल, तर जास्त लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उचल, घेऊन फक्त स्प्रिंगांवर ताण. शिवाय या हेडांवर मूळ स्प्रिंग ठेवल्या तर 0.470च्या आसपास रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) गाइडला (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीला) टेकायची भीती. एक्झॉस्टचा पोर्ट इनटेकच्या मानाने लंगडा, म्हणून एक्झॉस्टची ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, थोडी जास्त हवी. ती अंशांत मोजतात.

शेवटी घेतला तो कॅम असा: 0.050 इंच उचलीला मोजून इनटेक 218 अंश, एक्झॉस्ट 224, लिफ्ट 0.460च्या आत. लोब सेपरेशनवर, म्हणजे कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधल्या (लोबमधल्या) कोनावर, आमचं जमेना. आजोबा 110 म्हणत होते, आवाज भारी येतो म्हणून. मी 112वर अडून बसले. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ कमी झाला की व्हॅक्यूम वाढतो, आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. मला रोज ऑफिसला जायचंय.

मॅनिफोल्डही बदलावा लागला. व्होर्टेकला बाराऐवजी आठच बोल्ट असतात, जुना बसत नाही. टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणारे भाग) सपाट तळाचे, म्हणून जस्त असलेलं ऑइल, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलिंगला अजिबात न सोडता वीस मिनिटं 2,000च्या वर. लोबवर ऑइल उडतं ते क्रँकच्या फिरण्याने. सुरुवातीलाच सावकाश फिरवलं तर नवा लोब घासून जातो. ती वीस मिनिटं आजोबा टॉर्च धरून उभे होते, एकही शब्द न बोलता.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, 1995पासून. आम्ही दोघं निघालो. आयडलिंगला व्हॅक्यूमचा काटा 16 इंचांवर, पूर्वी तो 9च्या वर जात नव्हता. पहिल्या सिग्नलला मी हलकेच ब्रेक दाबला आणि गाडी थांबली.