व्हेरेनाचा आवाज आणि सरांचं फुलस्केप

संपलं एकदाचं. अमेरिकन लेखक हेन्री जेम्सचं 'द बॉस्टोनियन्स', १८८६ ची कादंबरी. तीन आठवडे लागले मला, त्यातला एक तर नुसता पहिल्या पन्नास पानांत गेला, कारण या माणसाचं वाक्य ठाण्याला सुरू झालं की दादरला उतरायची वेळ आली तरी संपत नाही, आणि मध्ये कोणी "जरा सरका" म्हणालं की परत पहिल्यापासून.

गोष्ट तशी साधी. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून काही वर्षं झालीत, बॉस्टनमध्ये बायकांच्या हक्कांच्या सभा जोरात आहेत. ऑलिव्ह चॅन्सलर, श्रीमंत, एकटी, चळवळीसाठी जीव द्यायला तयार, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की हिची दातखीळ बसते. तिचे दोन्ही भाऊ युद्धात उत्तरेकडून लढताना गेलेत, आणि ही बाई मिसिसिपीच्या लांबच्या चुलतभावाला, जो दक्षिणेकडून लढलाय, स्वतः पत्र पाठवून जेवायला बोलावते! तो बेसिल रॅन्सम, वकील, धंदा बेताचा, लेख लिहितो ते परत येतात, एक संपादक तर त्याला कळवतो की तुमचे विचार तीनशे वर्षं मागे आहेत. (इथे मी लोकलमध्ये मोठ्यांदा हसले.) दोघं एकाच संध्याकाळी एका सभेत व्हेरेना टॅरंट नावाच्या तरुण पोरीचं भाषण ऐकतात आणि दोघांनाही ती हवी असते. ऑलिव्हला चळवळीसाठी आणि स्वतःसाठीही, हे ती कधी कबूल करत नाही. रॅन्समला घरी न्यायला.

मला खरं अडकवलं ते त्या सभेनं. व्हेरेनाचा बाप मेस्मेरिझमने, म्हणजे संमोहनासारख्या प्रकाराने, उपचार करणारा, सरळ सांगायचं तर भोंदू. पोरगी बोलायला उभी राहिली की आधी तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो, मग ती 'सुरू' होते. पुढे ऑलिव्ह तिला आपल्या घरी आणते ती बापाला भलामोठा चेक देऊन, वर्षभर आमच्या वाटेला जाऊ नका म्हणून. बायकांना कोणी विकत घेऊ नये असं दिवसरात्र सांगणारी बाई चेकबुक काढते आणि जेम्स त्यावर अक्षरही बोलत नाही, नुसता चेक दाखवतो. आणि रॅन्सम? शेवटाकडे व्हेरेना विचारते की माझ्या या बोलण्याच्या देणगीचं करायचं काय, तर हा म्हणतो जेवणाचं टेबल हेच आपलं व्यासपीठ. घ्या.

आता माझं. आठवीत मी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत ढाल आणली होती, विषय 'स्त्रीमुक्ती: काल, आज आणि उद्या'. भाषण सरांचं. फुलस्केपवर निळ्या शाईत लिहिलेलं आणि कडेला लाल पेनने 'इथे थांबणे', 'इथे आवाज चढवणे', 'उजवा हात'. चूल आणि मूल वर उजवा हात होता. मला एका वाक्याचाही अर्थ विचारलेला आठवत नाही, आणि मी विचारला नाही हेही खरं, टाळ्या मिळत होत्या ना. आई हाफ डे टाकून आली होती ती निकाल लागायच्या आधीच उठून गेली, संध्याकाळी पाहुणे होते, स्वयंपाक कोण करणार. ढाल घेऊन घरी पोचले तेव्हा ती पुऱ्या लाटत होती आणि मी पाणी पिऊन पुन्हा सगळं भाषण ओट्यापाशी म्हणून दाखवलं, हातासकट.

त्यामुळे व्हेरेनावर मला धड चिडताही येत नाही. सगळे म्हणतात ती बावळट आहे, वारा येईल तशी वाकते. पण तिची एक गोष्ट आहे जी फक्त तिची आहे. ती रॅन्समला हार्वर्ड दाखवायला नेते, तिथे मेमोरियल हॉलमध्ये उत्तरेकडून लढून मेलेल्या मुलांची नावं भिंतीवर कोरलीत, आणि हा शत्रूकडचा माणूस ती वाचत शांत उभा राहतो. ही भेट ती ऑलिव्हला सांगत नाही. सगळं सांगायचं अशी दोघींची मैत्री असूनही. अख्ख्या कादंबरीत हे एकच तिने कोणी न शिकवता केलंय असं मला वाटतं, आणि तिथूनच घर फिरतं.

शेवट बॉस्टनच्या म्युझिक हॉलमध्ये, व्हेरेनाच्या मोठ्या भाषणाच्या रात्री. लोक वाट बघत पाय आपटतायत, रॅन्सम तिला झग्याच्या टोपीत तोंड लपवून बाहेर काढतो, ती रडतेय, आणि जेम्स सांगून टाकतो की हे रडणं शेवटचं नसणार. पण माझं लक्ष ऑलिव्हकडे, जिला बोलताच येत नाही ती त्या खवळलेल्या गर्दीसमोर धावत स्टेजवर जाते. हॉल शांत होतो. ती काय बोलली ते पुस्तकात नाहीच.

आईला फोनवर गोष्ट सांगितली तर, "मग लग्न झालं का तिचं?"
"होणारे."
"कोणाशी, त्या तीनशे वर्षांवाल्याशी? अरेरे."

एक मात्र डोक्यातून जात नाहीये. हे पुस्तक आलं त्याच १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई अमेरिकेत पोचल्या. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्येच त्यांच्या मदतीसाठी रमाबाई असोसिएशन निघाली. म्हणजे जेम्स ज्यांची टिंगल करत होता तशाच बॉस्टनकर बायाबापड्यांनी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाला पैसे दिले! आणि रमाबाईंच्या डोक्यावरही हात ठेवायला कमी लोक नव्हते, इकडे सनातनी, तिकडे इंग्लंडातल्या मिशनच्या सिस्टर्स. पण ही बाई सगळ्यांशी वाद घालत बसली, पत्रांतून, तोंडावर. परत येऊन अमेरिकेवर मराठीत पुस्तकही लिहिलं, १८८९ साली. ते माझ्याकडे आहे, माळ्यावरच्या खोक्यात, बहुतेक ढालीच्या खाली.

उद्या काढते. पावणेबारा झाले, सकाळी ६.४० ची पकडायचीय.