टेलपासून हेडकडे

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून रिटायर झाले आणि त्याच आषाढात माउलींच्या पालखीबरोबर चालायला लागले. घरात वारीची परंपरा नव्हती. आईंनी विचारलं, "अचानक हे काय?" तर म्हणाले, "जन्मभर नीरेच्या काठानं जीपमधून फिरलो. एकदा पायी बघू दे." ते 'एकदा' मग दरवर्षीचं झालं.

मागच्या मार्गशीर्षात ते गेले. उन्हाळ्यात दिंडीच्या व्यवस्थापकांचा फोन आला, तेव्हा कळलं की यंदाची भिशीही, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, नाना भरून गेलेत. नवऱ्याला रजा मिळेना. मलाही बँकेतून सहज मिळाली नाही, पण ती रड इथे नको. मी निघाले.

पुण्यापर्यंतचा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे आणि दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एवढंच सांगते की पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, ३२ किलोमीटरच्या आसपास, आणि घाट येतो तो पायांतलं त्राण गेल्यावर. सासवडला पोचले तेव्हा मला विठ्ठल नको होता, गरम पाण्याची बादली हवी होती.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, त्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. नाना कुठे चालायचे, असं मी बुवांना विचारलं. त्यांनी हातानं पार मागचं टोक दाखवलं. बायकांच्याही मागे. ज्यांचे गुडघे बोलतात, ज्यांची चप्पल तुटते, ज्या रस्त्याच्या कडेला बसल्या की उठत नाहीत, त्या सगळ्यांच्या मागे. "टेलचे नाना म्हणायचे त्यांना," बुवा म्हणाले. "शेवटची म्हातारी तळावर आल्याशिवाय हा माणूस पानावर बसला नाही."

हे ऐकून मला हसू आलं, कारण घरीही तेच होतं. कालव्यात पाणी सुटतं हेडकडून, म्हणजे तोंडाकडून, पण वाटप करायचं टेलपासून, म्हणजे शेवटच्या टोकापासून. शेवटच्या शेतकऱ्याचं रान भिजल्याशिवाय वरच्या चारीचं, म्हणजे पोटकालव्याचं, दार उघडायचं नाही. वरच्याच्या बांधाला लागून पाणी चोवीस तास वाहतं, त्याला कधीही मिळेल. खालच्यापर्यंत ते पोचायलाच दिवस लागतात. हा हिशोब नाना पंगतीतही लावायचे. श्रीखंडाचं पातेलं त्यांच्या हातात असलं की वाढायला सुरुवात कोपऱ्यातल्या सर्वांत लहान पोरापासून. पाहुणे ताटकळायचे. जावई तर एकदा चक्क रुसले होते.

नोकरीत असताना ते घरी फारसे नसतच. मुलांच्या शाळेसाठी आई पुण्यात आणि नाना कुठल्यातरी कॉलनीत, उन्हाळ्यातली पाण्याची पाळी सुरू असली की रात्री-अपरात्री कालव्यावर. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी सकाळचा चहा स्वतःकडे घेतला. "इतकी वर्षं हिनं चालवलं, आता माझी पाळी." तो चहा भयंकर गोड असायचा आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायामाचा तक्ता त्यांनी लेव्हल बुकमध्ये, म्हणजे खात्यातल्या मोजणीच्या वहीत, आखला: तारीख, पाय किती अंशांत वाकला, शेरा. शेऱ्यात एके ठिकाणी 'रडली, पण केलं' असं लिहिलंय. ती वही मी जपून ठेवली आहे.

२०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही वर्षी नाना गच्चीवर चालले. बरोबर माझा मुलगा, कंटाळला की बसायचा. संध्याकाळी जेवताना नाना गंभीरपणे जाहीर करायचे, "आज तरडगाव," आणि आई तितक्याच गंभीरपणे विचारायच्या, "मग चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं का?"

वारीत मला सगळ्यात जास्त आवडलं ते रिंगण नाही, समाजआरती. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या जमतात, टाळ-मृदंगाचा इतका गजर की शेजारचीचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि एकदम शांतता. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवणं थांबवतच नाही. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यातून टाळ चालूच. मग त्यांच्यापाशी जाऊन विचारपूस होते, तोडगा निघतो, आरती सुरू. नाना याच्यावर फिदा होते. "आमच्याकडं अर्ज आवक-जावकातून टेबलावर यायला आठवडा," ते सांगायचे. "इथं टाळ वाजवला की माणूस समोर."

नीरेला दत्त घाटावर पादुकांना स्नान घालतात आणि पुढे पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. वारकरी नदीला हात जोडतात. नाना म्हणे वर बघायचे, वीर धरणाच्या दिशेनं, आणि भाटघर धरण किती भरलंय याची चौकशी करायचे. नीरा डावा कालवा १८८५ सालचा, काँग्रेसइतकाच जुना, हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी पालखीचं पुण्य काढलं की ते कालव्याचं काढायचे.

फलटण, बरड मागे पडलं आणि धर्मपुरीला आम्ही सोलापूर जिल्ह्यात आलो. इथे पाटबंधाऱ्यांचा जुना बंगला आहे, पालखीचं स्वागत तिथेच होतं. गर्दीत आमच्या दिंडीतले माळशिरसकडचे तात्या माझ्याजवळ सरकले.

"तुमच्या सासऱ्यानं माझं डोंगळं तोडल्यालं, ठाऊक हाय का?"

डोंगळे म्हणजे कालव्याच्या भरावावरून टाकलेले पाइप. एकदा तोंडानं ओढून पाणी चढवलं की आपोआप रानात वाहत राहतं, मोटार लागत नाही. बेकायदा अर्थातच.

"रात्री दोनला आलं, बरोबर पाटकरी, हातात कुऱ्हाड. सगळं डोंगळं तुकडं तुकडं. मी दुसऱ्या दिवशी वर अर्ज ठोकला."

"मग?"

"मग काय. अर्जाचं काय झालं न्हाय. आन् खाली टेलला माझ्या मेव्हण्याचाच मका वाचला. बायकोनं मलाच शिव्या घातल्या."

बऱ्याच वर्षांनी दोघं याच दिंडीत समोरासमोर आले. तात्यांनी पाय धरले. नानांनीही धरले, तशी इथली पद्धतच आहे. आणि मग म्हणाले, "ते पाइप फार महागाचे होते का हो?" त्यानंतर दोघांचं जेवण दरवर्षी शेजारी-शेजारी.

मला हे घरी कधीच कळलं नव्हतं. कुऱ्हाड घेतलेले नाना डोळ्यांसमोर आणायला जड जात होतं. शर्टाची घडी मोडू नये म्हणून एसटीत टेकून न बसणारा माणूस तो. पण ते प्रेमळ होते म्हणून नरम होते असं नाही, हे तात्यांमुळे नीट दिसलं.

वेळापूरला सगळे पळत सुटतात. तो धावा मी धावले नाही, चालले. आपोआप मागे पडले आणि बघते तो टोकाला तात्या, एका आजींची तुळस स्वतःच्या डोक्यावर घेऊन. त्यांनी माझ्या हातात आजींची पिशवी दिली. विचारलं वगैरे काही नाही. तिथून वाखरीपर्यंत आम्ही दोघं टेलला.

पंढरपुरात रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. कळसाला हात जोडले. द्वादशीला पारणं सोडून एसटी स्टँडवर आलो. तात्यांनी खिडकीतून टॉवेल टाकून माझी जागा धरली आणि खाली उभं राहून मुद्द्याची गोष्ट काढली. रानात आता ठिबक केलंय, पाटानं भिजवणं बंद. अनुदान मात्र अजून जमा झालेलं नाही, तेवढं बँकेत बघा की.

मी म्हटलं, अनुदान बँक देत नाही, कृषी खातं देतं, माझ्या हातात काही नाही.

"साहेब बी हेच म्हनायचं," तात्या म्हणाले, आणि तरीही बँक खात्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली.