कलम 80 ची पेशी आणि तिचे कागद : माझा अनुभव

बटालियन ऑफिसात शिक्षेचे कागद तयार करताना मी एक गोष्ट धरून चाललो. काही वर्षांनी हा कागद जो वाचेल, तो त्या दिवशी पेशीला हजर नसेल. सेना अधिनियम 1950 च्या कलम 80 खाली सी.ओ. साहेब, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, कोर्ट मार्शल न भरवता जवानाला किंवा एन.सी.ओ.ला (नाईक, हवालदार अशा पदावरच्याला) शिक्षा देऊ शकतात. गुन्हा किरकोळ म्हणायचा, पण 28 दिवसांची लष्करी कैदही यातच बसते.

नेहमीचं प्रकरण म्हणजे रजा संपूनही वेळेत न परतणं. पहिली चूक इथेच होते. कलम 39 मध्ये रजेशिवाय गैरहजर राहणं (ए)मध्ये आहे आणि पुरेशा कारणाशिवाय रजा ओलांडणं (बी)मध्ये. रजेवर रीतसर गेलेल्या माणसावर (ए) लावलं की आरोप एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे, असं होतं. आरोपात रजा कोणत्या तारखेपर्यंत मंजूर होती आणि माणूस कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे हजर झाला, हे सगळं हवं. वेळ लिहायचा कंटाळा करू नये. पगार कापताना गैरहजेरीचे दिवस कलम 92 प्रमाणे मोजतात आणि तिथे सलग सहा तास, सलग बारा तास असा हिशेब आहे. क्वार्टर गार्डच्या (युनिटच्या पहाऱ्याच्या चौकीच्या) रजिस्टरमधली वेळ आणि ऑफेन्स रिपोर्टवरची (आरोप, साक्ष आणि शिक्षा नोंदवायच्या कागदावरची) वेळ ताडून पाहावी. त्या जुळल्या नाहीत, तर खरी कोणती ते आधी शोधावं, मगच टाईप करावं. गैरहजेरी 30 दिवसांवर गेली की कलम 106 ची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे गैरहजेरीची लष्करी चौकशी, येते. ती फाइल वेगळी.

सुनावणी सेना नियम 22 प्रमाणे होते. सी.ओ. साहेब आरोपीच्या समोरच आरोप ऐकतात. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा, स्वतःचा साक्षीदार बोलावण्याचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. ‘आरोपी उलटतपासणी घेऊ इच्छित नाही’ हे वाक्य पेशीआधीच टाईप करून ठेवण्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. टोपी-बेल्ट उतरवून आत आणलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा प्रत्येक गोष्टीला ‘जी साहब’ म्हणतो. म्हणून प्रश्न त्याला कळेल अशा भाषेत, थांबून विचारावा आणि तो जे बोलेल तेच उतरवावं. जवान अटकेत असेल, तर कलम 102 प्रमाणे 48 तासांत आरोपाची तपासणी सुरू व्हायला हवी; ते शक्यच नसेल, तर कारणासह वरिष्ठांना तसं कळवायला हवं.

सर्वांत जपून भरायचा रकाना कबुलीचा. जवान म्हणतो, ‘गुन्हा कबूल’, आणि पुढच्याच श्वासात म्हणतो, ‘आई आय.सी.यू.त होती, साहेब.’ ही कबुली नव्हे. पुरेसं कारण नसणं हा 39(बी)चा गाभाच आहे आणि तोच तो नाकारतोय. अशा वेळी कबुली न धरता साक्ष घ्यावी आणि गावाकडच्या दवाखान्याचे कागद मागवून फाइलला जोडावेत. पुराव्यातून गुन्हा दिसला नाही, तर आरोप फेटाळावाच लागतो. प्रकरण गुंतागुंतीचं निघालं, तर नियम 23 प्रमाणे पुरावा लेखी नोंदवण्यासाठी तहकूब करता येतं. सगळं एकाच पेशीत उरकण्याची घाई नको.

शिक्षा लिहिण्याआधी कलम 81 समोर ठेवावं. एन.सी.ओ.ला, अगदी अ‍ॅक्टिंग असला तरी, कैद, डिटेन्शन (स्थानबद्धता) किंवा लाइनबंदी (युनिटच्या हद्दीबाहेर न जाण्याची शिक्षा) देता येत नाही. आज तो एन.सी.ओ. नसला, पण गुन्ह्याच्या वेळी होता, तरी हेच लागू. उलट रेप्रिमांड (अधिकृत ठपका) ही फक्त एन.सी.ओ.साठीची शिक्षा, ती शिपायाला दिली तर तीही बेकायदा. कैद, डिटेन्शन, लाइनबंदी एकत्र दिल्या, तर बेरीज 42 दिवसांच्या वर जाता कामा नये आणि लाइनबंदी सुरू होते ती कैद संपल्यावरच. दंड एका महिन्यात जास्तीत जास्त 14 दिवसांच्या पगाराइतका. ही बेरीज क्लर्कनेच करून साहेबांपुढे ठेवावी.

नंतर पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेत आणि पगारात झालेला बदल कळवणारा युनिटचा आदेश) काढून रेकॉर्ड ऑफिसला आणि पे अकाउंट ऑफिसला पाठवायची. गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कलम 91(ए) खाली कापला जातो आणि ती बाब शिक्षेपेक्षा वेगळी असते, म्हणून दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नयेत. कैदेची नोंद कंडक्ट शीटवर, म्हणजे जवानाच्या वर्तणुकीच्या नोंदपत्रावर, लाल शाईत होते. अशा चार नोंदी झाल्या की नियम 13 खाली डिस्चार्जचा, म्हणजे सेवेतून कमी करण्याचा, विचार सुरू होतो. पण चार झाल्या म्हणून आपोआप घरी पाठवता येत नाही, आधी चौकशी हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या चौकशीत हेच जुने ऑफेन्स रिपोर्ट बाहेर निघतात. कारण न लिहिलेली, साक्षीदाराचं नाव नसलेली एक नोंदही जवानाची पेन्शन धोक्यात आणू शकते, म्हणून मी हे इतक्या कळकळीने लिहितोय.

कलम 80 खाली एकदा निकाल लागला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. कलम 121 आड येतं. शिक्षा बेकायदा, अन्याय्य किंवा जादा वाटली, तर वरिष्ठ अधिकारी कलम 87 खाली ती रद्द किंवा कमी करू शकतात. हे जवानाला त्याच दिवशी सांगावं आणि त्याने अर्ज दिला, तर मिळाल्याची तारीख घालून तो फाइलला लावावा.