तुम्ही विचारलंत म्हणून: तेरेझा हाउसचा डबा

नातीचा प्रवेश कुठे घ्यायचा यावर घरात खल सुरू झाला की कुणी ना कुणी मला विचारतंच, "तुम्ही कॉन्व्हेंटच्या ना? हाउसमधली ती एकी, ते संस्कार, खरंच असतात का हो?" आजवर "असतात" म्हणून मी मोकळी होत आले. परवा तो शब्द तोंडून निघेना. म्हणून आज सगळं सांगते.

एकी होती, हे आधी ऐका. शाळेतल्या मुली चार गटांत वाटलेल्या असत, त्या गटांना हाउस म्हणत. पाचवीतल्या एका मुलीची आई वारली, तेव्हा आमच्या हाउसच्या मुलींनी महिनाभर पाळी लावून तिच्या वह्या पुऱ्या केल्या. मोठ्यांपैकी कुणी सांगितलं नव्हतं. वांद्र्याची कॅथलिक, भायखळ्याची बोहरी, दादरची मी, बँकेतल्या कारकुनाची मुलगी. रिलेत एकमेकींच्या हाती बॅटन देताना आडनाव कुणाच्या मनात येत नसे. आणि बाप्तिस्म्याचा विषय तिथे कुणी कधीही काढला नाही. तेही विचारता, म्हणून सांगितलं.

आमचं हाउस लिझ्यूच्या संत तेरेझाच्या नावाचं. ती १८९७ साली मठातच, चोविसाव्या वर्षी गेली. लहानसहान गोष्टी प्रेमाने करणं हीच तिची वाट. सभेत आम्ही हे एका सुरात म्हणत असू.

१९८२ची गोष्ट. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. दहावीच्या मुली परीक्षेच्या तयारीसाठी घरी बसल्या आणि नववीतल्या माझ्याकडे कप्तानपद आलं. २४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार. तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ: आपली एखादी आवड सोडायची, वाचलेले पैसे गरिबांसाठी हाउसच्या डब्यात टाकायचे. चारही हाउसचे आकडे दर शुक्रवारी फळ्यावर लागत.

तिसऱ्या शुक्रवारी आमचं हाउस तिसरं होतं. माझ्या यादीत सातवीतल्या एकीच्या नावापुढे एकही खूण नव्हती. सगळ्या हाउससमोर मी तिला उभं केलं. "तुझ्या एकटीमुळे आपण मागे पडलोय. चार आणेसुद्धा नाहीत तुझ्याकडे?" मुली वळून वळून बघत होत्या. ती खाली बघत "आणते" म्हणाली. शाळेत मराठी बोलायची बंदी होती, पण तेव्हा तिला कुणीच टोकलं नाही.

सोमवारपासून रोज तिचं नाणं डब्यात पडू लागलं. मी खुणा करत गेले. मला अभिमान वाटला. तिचा नाही, माझा.

मग एका दुपारी परळला मावशीकडे जाताना बसच्या खिडकीतून ती दिसली. भारतमाता थिएटरसमोरून, दप्तर डोक्यावर धरून, उन्हात चालत निघाली होती. बसचे पैसे डब्यात जात होते. तिच्या वडिलांचा पगार बंद होऊन दोन महिने झाले होते. मला ठाऊक नव्हतं असं म्हणू का? ते गिरणीत आहेत हे अख्ख्या हाउसला ठाऊक होतं.

मी बसमधून उतरले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या नावापुढे पुन्हा खूण केली.

त्याच आठवड्यात मोरल सायन्सच्या तासाला सिस्टरांनी मार्कच्या शुभवर्तमानातली गरीब विधवा सांगितली, मंदिराच्या दानपेटीत आपली दोनच नाणी टाकणारी. मी मान वर केली नाही. तास संपल्यावर सातवीच्या वर्गाकडेही गेले नाही.

चौदा वर्षांची तर होते, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. फळ्यावरचे आकडे मोठ्यांनी मांडले होते, मी नाही. खरं आहे. पण तिला उभं कर असं मला कुणी सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं. त्या वह्या लिहिणाऱ्यांत मी होते आणि तिला उभं करणारीही मीच. दोन्ही हाउसवरच्या प्रेमापोटी. यातलं शाळेनं काय शिकवलं आणि माझं मूळचं काय होतं, याचा उलगडा मला अजून होत नाही.

ईस्टरला आम्ही पहिले आलो. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचं नाव हजेरीत नव्हतं. संपात कितीतरी घरं कोकणात परतली. तिचंही त्यांतलंच असावं. मी कधी चौकशी केली नाही.

नातीला घालायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त शाळा बघायला जाल तेव्हा एवढं विचारा: जमलेल्या मदतीचे आकडे हाउसवार फळ्यावर लावता का?